घरची ट्रॉली आणि रस्त्याचा कायदा

ट्रॅक्टर कारखान्यात तयार होतो. ट्रॉली मात्र पुष्कळदा तालुक्याच्या गावी, एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात आकार घेते. लोखंडी चॅनेलचा सांगाडा, जुन्या मालमोटारीचा आस, पत्र्याचा हौद, मागे उघडणारा फाळका आणि पुढे ट्रॅक्टरच्या कडीत अडकणारा दांडा, एवढ्या साहित्यावर कुशल कारागीर थोड्याच दिवसांत ट्रॉली उभी करून देतो. याच ट्रॉलीतून शेणखत शेतावर जाते, ऊस कारखान्याकडे जातो, कापूस आणि कांदा बाजार समितीच्या आवारात पोहोचतो, घरबांधणीची वीट आणि मुरूमही येतो. उन्हाळ्यात तिच्या जागी पाण्याची टाकी जोडली जाते. ग्रामीण अर्थव्यवहारातील या साधनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

परंतु ही ट्रॉली शेताचा बांध ओलांडून रस्त्यावर आली, की तिच्याविषयी कायदा काय म्हणतो याची माहिती फार थोड्यांना असते. ट्रॅक्टरची नोंदणी झाली आहे, विमा उतरविला आहे, चालकाजवळ अनुज्ञप्ती आहे. म्हणजे मागे जोडलेल्या ट्रॉलीचेही सर्व भागले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे ट्रॅक्टरचे शेपूट नव्हे. ते एक स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्यास स्वतःची नोंदणी, स्वतःचा क्रमांक आणि विमापत्रात स्वतःची नोंद लागते. या एका गोष्टीचे अज्ञान अपघातानंतर एखाद्या कुटुंबास किती महाग पडू शकते, हे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

व्याख्या काय सांगते?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा दिनांक १ जुलै १९८९ पासून देशात अंमलात आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'मोटार वाहन' या संज्ञेची व्याख्या असून, तीत ट्रेलरचा स्पष्ट समावेश केलेला आहे. ही तरतूद नवी नाही. १९३९ च्या जुन्या अधिनियमातही ट्रेलर हा मोटार वाहनातच मोडत असे. त्याच कलमात ट्रेलरचा अर्थ दिला आहे तो असा : मोटार वाहनाने ओढले जाणारे, किंवा ओढले जावे अशा हेतूने केलेले, सेमी-ट्रेलर व साइडकार यांखेरीजचे कोणतेही वाहन.

या व्याख्येतील शब्द लक्षपूर्वक वाचावयास हवेत. वाहन कोणी बनविले, कारखान्याने की गावच्या लोहाराने, याचा उल्लेख तीत नाही. त्यात कोणता माल भरला जातो, याचाही उल्लेख नाही. ते मोटार वाहनाने ओढले जाते काय, एवढाच प्रश्न आहे. म्हणून दोन चाकांवर बसविलेली पाण्याची टाकी ट्रॅक्टरमागे जोडली, तर तीही ट्रेलर होते. बैलगाडीच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ऊसतोडणीच्या हंगामात रबरी टायरची गाडी बैल ओढीत असतात तोवर ती मोटार वाहन नसते. तीच गाडी दांडा बदलून ट्रॅक्टरमागे लावली, की ती ट्रेलरच्या व्याख्येत येते आणि ट्रेलरच्या सर्व जबाबदाऱ्या तिच्या मालकावर येतात.

मळणी यंत्र, फवारणी यंत्र, काँक्रीट कालविण्याचे यंत्र अशी चाकांवर बसविलेली यंत्रे एका गावाहून दुसऱ्या गावास ओढून नेली जातात. त्यांच्या बाबतीत नोंदणीची गरज आहे किंवा नाही, हे यंत्राच्या रचनेवर व वापरावर अवलंबून राहते. असे यंत्र रस्त्यावर आणण्यापूर्वी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयास लेखी विचारणा करून उत्तर जवळ ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय. नोंदणी लागो वा न लागो, रात्री मागून येणाऱ्या वाहनास ते यंत्र दिसले पाहिजे, ही गरज मात्र सर्वांना सारखीच लागू आहे.

केवळ कारखान्यात अथवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनविलेले वाहन व्याख्येतून वगळलेले आहे. घरून शेतावर आणि शेतावरून बाजारास जाणारी ट्रॉली या अपवादात बसत नाही. 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे केवळ डांबरी सडक, असेही समजू नये. ज्या वाटेवर जनतेस जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट, मग ती पाणंद असो वा गाडीवाट, कायद्याने सार्वजनिक ठिकाणच ठरते.

देशी कारागिरीने जुळवलेल्या वाहनांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. उत्तर भारतात सिंचनपंपाचे इंजिन लाकडी वा लोखंडी सांगाड्यावर बसवून केलेल्या वाहनास 'जुगाड' म्हणतात. राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात २०१३ साली न्यायालयाने असा निर्णय दिला, की जुगाड हेही मोटार वाहनच असून नोंदणी, विमा व अनुज्ञप्ती यांच्या तरतुदी त्यास लागू होतात. वाहन घरगुती आहे, ही सबब कायद्यापुढे टिकत नाही, असा या निर्णयाचा मथितार्थ आहे.

नोंदणी : काम सुरू होण्यापूर्वीच विचार हवा

अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी न झालेले मोटार वाहन कोणीही चालवू नये आणि मालकाने चालवू देऊ नये. कलम ६१ तर ट्रेलरसाठीच लिहिलेले आहे. नोंदणीविषयक संपूर्ण प्रकरण इतर वाहनांप्रमाणेच ट्रेलरलाही लागू आहे, असे ते सांगते. त्याच कलमात क्रमांकाविषयी दोन गोष्टी आहेत. ट्रेलरचा स्वतःचा नोंदणी क्रमांक त्याच्या बाजूवर विहित पद्धतीने लिहिलेला असला पाहिजे. तसेच, ज्या ट्रॅक्टरने ट्रेलर ओढला जात आहे त्या ट्रॅक्टरचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. एकापेक्षा अधिक ट्रेलर असतील तर तो शेवटच्या ट्रेलरवर हवा. यामागील हेतू उघड आहे. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागून ट्रॅक्टरचा क्रमांक दिसत नाही. अपघात करून वाहन निघून गेले, तर जखमी माणसाजवळ कोणतीच खूण राहत नाही.

नोंदणीच्या मार्गातील खरी अडचण वेगळीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ नुसार नोंदणीच्या अर्जासोबत जी कागदपत्रे जोडावी लागतात, त्यांत ट्रेलरच्या आराखड्यास राज्य परिवहन प्राधिकरण, परिवहन आयुक्त अथवा शासनाने नेमलेल्या अन्य प्राधिकाऱ्याने दिलेल्या मंजुरीची प्रत मागितलेली आहे. आराखडा आधी, मंजुरी त्यानंतर आणि वेल्डिंग सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा होतो. ट्रॉली तयार होते, एक हंगाम वापरली जाते आणि कोणी अडविले म्हणजे कागदपत्रांची धावपळ सुरू होते. तोवर आराखडा नसतो, बनविणाऱ्याचे प्रमाणपत्र नसते आणि पुष्कळदा पावतीही नसते.

म्हणून नवी ट्रॉली करून घेणाऱ्याने इसारा देण्यापूर्वी कारागिरास पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. या मापाच्या व वजनाच्या ट्रॉलीचा मंजूर आराखडा तुमच्याजवळ आहे काय? मंजुरीच्या आदेशाची प्रत द्याल काय?

२. सांगाड्यावर चासी क्रमांक ठोकून द्याल काय?

३. विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे निर्मात्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ मिळेल काय?

४. रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि भारासह कमाल वजन कागदावर लिहून द्याल काय?

५. दिवे, परावर्तक व त्यांची तारजोडणी किमतीत धरली आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर पुढील काम सोपे होते. विमा उतरवून, नमुना २० मधील अर्ज, वरील कागद, पत्त्याचा पुरावा आणि विहित शुल्क यांसह ट्रॉली तपासणीसाठी न्यावयाची असते. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने त्या दिवशी कोणते कागद लागतात, हे परिवहन कार्यालयातून आधी समजून घ्यावे.

जुनी ट्रॉली विकत घेणाऱ्यानेही सावध असावे. नोंदणी झालेली ट्रॉली असेल, तर कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते. राज्याबाहेरील वाहनास यासंबंधी अधिक कागद लागतात. नोंदणीच नसलेली ट्रॉली स्वस्त पडते, हे खरे. पण तिच्यासोबत मंजूर आराखडा नसेल तर ती रस्त्यावर आणण्याचा सरळ मार्ग उरत नाही. अशी ट्रॉली ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तिची मापे व छायाचित्रे घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि मंजूर आराखड्याशी ती जुळवून घेता येईल किंवा कसे, याची विचारणा करावी. उत्तर येईपर्यंत तिचा रस्त्यावरील वापर थांबविणे, हेच मालकाच्या हिताचे आहे.

नोंदणी झाल्यावर हौदाची उंची वाढविणे, सांगाडा लांब करणे, आस बदलणे असे फेरफार परस्पर करता येत नाहीत. कलम ५२ त्यास प्रतिबंध करते. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी प्रत्यक्ष वाहन जुळले पाहिजे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

शेतीचा वापर आणि भाड्याचा वापर

केंद्रीय नियमांनी कृषी ट्रॅक्टरची गणना परिवहनेतर वाहनांत केली आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर वापरावा, यासाठी ही सवलत आहे. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून भाड्याने वीट, वाळू, खडी किंवा दुसऱ्याचा माल वाहिला, की चित्र पालटते. ट्रॅक्टर आणि ट्रेलर एकत्र जोडून मालवाहतुकीस वापरले तर ते मालवाहू वाहन ठरते आणि त्यास परवान्याची आवश्यकता असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कर्नाटकातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. परिवहन वाहन म्हटले, की योग्यता प्रमाणपत्र, कर आणि विम्याचा वेगळा प्रकार हे सारे मागोमाग येते. यास्तव ज्याला हंगामात भाड्याची कामे करावयाची आहेत, त्याने ती गोष्ट नोंदणीच्या व विम्याच्या वेळीच उघडपणे सांगावी. 'फक्त शेतीसाठी' असे लिहून देऊन भाडे मारणे म्हणजे विम्याचे पैसे भरून विमा नसल्यासारखेच आहे.

चालकाच्या अनुज्ञप्तीविषयी मात्र न्यायालयांनी शेतकऱ्याची अडचण समजून घेतलेली दिसते. ट्रॅक्टर चालविण्याची वैध अनुज्ञप्ती असलेला चालक, केवळ मागे ट्रेलर जोडला म्हणून अनुज्ञप्तीविना ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. रिकामे वजन ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनांत मोडतो, ही व्याख्या अधिनियमातच आहे.

वयाच्या बाबतीत सवलत नाही. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ट्रॅक्टर रस्त्यावर चालविता येत नाही. शाळेतील मुलगा वडिलांना मदत म्हणून ट्रॅक्टर घेऊन जातो, हे दृश्य खेड्यात नवे नाही. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, तसेच वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी ही तरतूद पालकसभेत वाचून दाखवावी.

विमा : ट्रॉलीचे नाव विमापत्रात आहे काय?

कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याविना कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. ट्रेलर हे मोटार वाहन असल्यामुळे त्याचीही नोंद विमापत्रात असावी लागते. ट्रॅक्टरचे विमापत्र काढून पाहिले, तर त्यात ट्रेलरचा क्रमांक आणि त्यापोटी भरलेला हप्ता दिसतो काय, हे कोणासही तपासता येते. तो दिसत नसेल, तर विमा केवळ ट्रॅक्टरचा आहे असे समजावे.

याचा परिणाम काय होतो, हे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणावरून कळून येईल. वीटभट्टीसाठी माती नेण्याच्या कामावरील एक मजूर ट्रॅक्टरमागील ट्रॉलीवर बसलेला असता पडून जायबंदी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता; ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनीवर कायद्याने दायित्व येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजुराची हलाखी पाहून आपल्या विशेष अधिकारात न्यायालयाने कंपनीस भरपाई देण्यास सांगितले; परंतु ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही तिला दिली. शेवटी भार मालकावरच आला. भरपाईची रक्कम लाखांच्या घरात जाते. ट्रॅक्टरचे कर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबाची जमीन त्यात जाऊ शकते, आणि मालकाजवळ काहीच नसेल तर जखमी मजुराच्या हाती केवळ न्यायालयाचा कागद राहतो. एका ट्रॉलीच्या विम्याअभावी अशी दोन घरे मोडतात.

ट्रॉलीतून माणसे नेण्याचा प्रश्न येथेच येतो. दिनांक ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला मजुरांचा अंत झाला. त्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या होत्या आणि हळदीच्या कामासाठी निघाल्या होत्या. या दुर्घटनेने सबंध राज्य हळहळले. ट्रॉलीला बसण्याची आसने नसतात, धरावयास आधार नसतो, आणि ती उलटली म्हणजे आतील माणसांवर पत्र्याचा हौदच कोसळतो. लग्नाचे वऱ्हाड असो, यात्रा असो की खुरपणीस जाणाऱ्या स्त्रिया असोत, ट्रॉली हे माणसे वाहण्याचे साधन नाही. तिची नोंदणी व तिचा विमा मालासाठी असतो.

ग्रामपंचायतींनी स्वतःच्या कचरा वाहणाऱ्या वा पाणी पुरविणाऱ्या ट्रॉल्यांची कागदपत्रेही पाहून घ्यावीत. विम्यातून मिळणारी सूट केंद्र व राज्य शासनाच्या, व्यापारी कामास न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना आहे. स्थानिक प्राधिकरणास ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र आदेश आणि भरपाईसाठी राखून ठेवलेला निधी लागतो. तेव्हा ग्रामपंचायतीची ट्रॉली म्हणून विमा नको, ही समजूत सोडून द्यावी.

भार, वेग आणि ब्रेक

कायद्याने ठरविलेल्या मर्यादांमागे साधे यंत्रशास्त्र आहे. समजा, ट्रॅक्टरचे वजन दोन टन आहे आणि भरलेल्या ट्रॉलीचे आठ टन. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील, तर दोन टनांच्या यंत्राच्या ब्रेकना दहा टन थोपवावयाचे असतात. सपाट रस्त्यावर हे कसेबसे निभावते. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागते. अशा वेळी ट्रॅक्टर वळणावर असेल, तर जोडाच्या ठिकाणी दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी मिटतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी लागणारी शक्ती चौपट होते, हेही येथे ध्यानात ठेवावे. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. गिअर सोडून म्हणजे न्यूट्रलमध्ये गाडी कधीही उतरवू नये.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे दोन स्वतंत्र ब्रेक-पेडल असतात. शेतात वळण घेण्यासाठी ते सोयीचे असते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीने जोडलेच पाहिजेत. नाहीतर घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकाच बाजूचे चाक थांबते आणि भरलेली ट्रॉली उलटते. जोडाची पिन योग्य जाडीची असावी, तिला निसटू न देणारी खिळ असावी आणि पिन तुटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून दांड्यास मजबूत साखळी असावी. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडणाऱ्यांनी त्यास मुभा आहे काय आणि कोणत्या अटींवर, हे परिवहन कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. प्रत्येक अधिकच्या जोडाबरोबर शेवटच्या ट्रॉलीचे हेलकावे वाढत जातात.

कलम ११३ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील कमाल वजनापेक्षा अधिक भार घालता येत नाही. कलम १९४ मध्ये अधिक भारास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड सांगितला असून, जादा माल उतरवून ठेवल्याखेरीज वाहन पुढे जाऊ देता येत नाही. माल बाजूस, पुढेमागे अथवा वर मर्यादेबाहेर आला, तरी २०,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ पासून आहे. नोंदणीविना वाहन वापरल्यास कलम १९२ खाली पहिल्या अपराधास २,००० ते ५,००० रुपये, तर विम्याविना वापरल्यास कलम १९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. दंडाची भीती दाखविण्यासाठी हे आकडे दिलेले नाहीत. अपघातानंतर येणाऱ्या दायित्वापुढे ते किरकोळ आहेत, एवढे मनावर ठसावे म्हणून दिले आहेत.

अंधारात दिसणे

ट्रॉलीच्या अपघातांत मागून येऊन आदळण्याचे प्रकार अतिशय भयंकर असतात. याचे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज मांडता येईल. मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे २२ मीटर. समजा, उतरत्या प्रकाशझोतात चालकास ४० मीटर पुढचे दिसते. दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर उभी असेल, तर ती दिसल्यापासून आदळेपर्यंत दोन सेकंदही मिळत नाहीत. चालकास भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे २२ मीटर, गेलेले असतात. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली मोटार थांबण्यास त्यापुढे सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण ५७ मीटर झाले. ट्रॉली मात्र ४० मीटरांवरच आहे. हीच ट्रॉली परावर्तक पट्टीमुळे शंभर-दीडशे मीटरांवरून चमकली, तर चालकास पुरेसा अवधी मिळतो.

म्हणून मागे दोन लाल दिवे, ब्रेक लावताच लागणारे दिवे, वळणदर्शक दिवे आणि लाल परावर्तक यांची जोडणी असावी. पुढील बाजूस पांढरे परावर्तक असावेत. ट्रॅक्टरच्या मागील सात पिनांच्या सॉकेटमधून या दिव्यांना वीज घेता येते. उसाचे वाढे मागे लोंबत राहून दिवे झाकतात, चिखलाने परावर्तक बुजतात. निघण्यापूर्वी ते मोकळे व स्वच्छ करावेत. ट्रॉली नादुरुस्त झाली, तर ती रस्त्याच्या कडेस घ्यावी, चाकांना उटी लावावी आणि बऱ्याच अंतरावर मागे धोक्याची खूण ठेवावी. टायर बदलल्यानंतर उटीचे दगड रस्त्यावर तसेच टाकून जाण्याची सवय मोटारसायकलस्वारांच्या जिवावर बेतते, तीही सोडावयास हवी.

अपघात झालाच तर

कलम १३४ प्रमाणे जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांस कळविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मदतीस धावलेल्या माणसास त्रास होऊ नये, म्हणून २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ आणले आहे. गावकऱ्यांनी निर्धास्तपणे मदत करावी. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दाखल करावा, अशी तरतूद आहे. वाहन धडक देऊन पळून गेले आणि त्याचा माग लागला नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये शासकीय योजनेतून मिळू शकतात. दिनांक १ एप्रिल २०२२ पासून हे दर लागू आहेत. दुःखात असलेल्या कुटुंबास ही माहिती वेळेवर देणे, हे गावच्या लोकप्रतिनिधीचे व शिक्षकाचे काम आहे.

गावाने काय करावे?

ऊस गाळपाचा हंगाम सामान्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वीचे दोन महिने या कामासाठी उत्तम. ग्रामपंचायतीने गावातील ट्रॉल्यांची साधी यादी करावी : मालकाचे नाव, नोंदणी क्रमांक, विम्याची मुदत, दिवे व परावर्तक आहेत किंवा नाहीत, आणि वापर शेतीचा की भाड्याचा. यादी दंडासाठी नसून मार्गदर्शनासाठी आहे, हे ग्रामसभेत सर्वांस सांगावे. त्यानंतर परिवहन कार्यालयास पत्र लिहून परिसरातील चार-पाच गावांसाठी तपासणीचा एक दिवस मागावा. साखर कारखाने व बाजार समित्या यांनी आपल्या आवारात येणाऱ्या ट्रॉलीस परावर्तक पट्टी लावण्याची व्यवस्था केली, तर थोड्या खर्चात मोठे काम होईल.

गावातील वेल्डिंगच्या कारागिरासही या कामात सामील करून घ्यावे. त्याच्या हातात कसब आहे. मंजूर आराखड्याचा मार्ग मात्र त्यास कोणी दाखविलेला नसतो. एका कारागिराने आराखड्यास मंजुरी घेतली, की त्यानंतर त्याच्या दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक ट्रॉली रीतसर रस्त्यावर येऊ शकते. अधिकाऱ्यांनी तालुक्यातील अशा कारागिरांची एक बैठक घेतली, तर पुढील अनेक वर्षांच्या तक्रारी मुळातच थांबतील.

ट्रॉली शेतकऱ्याच्या कष्टाचे फळ बाजारापर्यंत नेते. ती नेताना वाटेत कोणाच्या घरचा दिवा विझू नये आणि मालकाच्या घरावरही संकट येऊ नये, यासाठी क्रमांक, विमा, दिवे आणि ब्रेक या चार गोष्टींची काळजी पुरेशी आहे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावाने आपापल्या ट्रॉल्यांकडे या दृष्टीने एकदा पाहावे.